दांडीवरच्या पाहुण्या

बुटाची नाडी सुटली ती त्याच्या कोंबड्यामुळे.

हिस्के दोन्ही हातांत रिकाम्या पिंजऱ्यांची उतरंड घेऊन कोंबड्यांच्या प्रदर्शनाच्या सभागृहात शिरली होती. बाहेर जानेवारीचा आडवातिडवा पाऊस, आत शेकडो कोंबड्यांचा कलकलाट आणि ओल्या कोटांचा वास. बाबांनी प्रदर्शनवाल्यांकडून उसने नेलेले पिंजरे परत करायचे आणि घरी पळायचं, एवढंच तिचं काम. पण मधल्या रांगेत पाय कुठेतरी अडकला. उतरंड डुलली...

"थांबा! हलू नका अजिबात."

"मी कुठे हलतेय?" पिंजऱ्यांच्या मागून हिस्के म्हणाली. "मला कोणीतरी धरून ठेवलंय!"

"माझ्या कोंबड्यानं. त्याला नाड्या फार आवडतात."

कोणीतरी तिच्या हातातले पिंजरे अलगद उतरवून घेतले, आणि त्यांच्या जागी एक चेहरा आला. गवताच्या रंगाचे केस, आणि त्या केसांत खरोखरच गवताची एक काडी. खाली, जमिनीलगतच्या पिंजऱ्यातून मान बाहेर काढून एक डौलदार कोंबडा तिच्या नाडीचं टोक चोचीत घट्ट धरून उभा होता.

"सोड रे, पाद्री."

"पाद्री?"

"सकाळी सकाळी फार लांब प्रवचन देतो."

हिस्केला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच. "आमच्याकडे महापौर आहेत. ते भाषणं देतात."

"वा! म्हणजे गाव वसलंय. फक्त पाद्री तेवढा नाही."

"मग द्या की हा."

"हा विकायचा नाही." तो खाली बसून तिची नाडी सोडवायला लागला. सोडवता सोडवता बांधूनही टाकली, साधी नाही, दुहेरी गाठ. "जिथे मी, तिथे हा. पण ह्याच्या दोन लेकी आहेत. बघता?"

आणि हिस्केनं बघितल्या. हळदीच्या रंगावर पांढरे मोती सांडावेत तशी पिसं. अस्सल इथल्या, फ्रीसलंडी जातीच्या, अगदी बाबांच्या कोंबड्यांसारख्या. शरदात ससाण्यानं बाबांच्या तीन कोंबड्या उचलल्या होत्या. तेव्हापासून बाबा खुराड्यापाशी उभे राहून नुसते मोजत असायचे, जणू मोजून मोजून आकडा वाढणार होता. बाबांची ही वंशवेल त्यांच्या आज्यापासून चालत आलेली, आणि पंचक्रोशीत ती आता फक्त त्यांच्या दारात उरली होती. कमरेच्या सांध्याच्या ऑपरेशनला जाताना गाडीत बसता बसता त्यांनी हिस्केचा हात धरला होता. "घर राहिलं तर राहू दे. कोंबड्या सांभाळ."

बाबा परत येतील तेव्हा खुराड्यात दोन नवीन पोरी असतील तर? काय चेहरा होईल त्यांचा!

"घेते," ती म्हणाली. हिस्के असलीच होती. शिडं शिवायच्या कारखान्यातसुद्धा इतर जण दहादा मापं घ्यायचे, ती एकदाच घ्यायची आणि कात्री चालवायची. "फक्त ठेवायच्या कुठे ते बघते. बाबांचा नियम आहे, नवीन पक्षी महिनाभर लांबच्या कोठारात."

"महिनाभर कोठारात? पाहुण्यांना कोणी असं वागवतं का?" तो म्हणाला. "अंधार पडला की दांडीवर नेऊन हळूच बसवायच्या, जुन्यांच्या मधोमध. सकाळी उठल्यावर सगळ्यांना वाटतं, ह्या इथल्याच. टोचाटोची नाही, काही नाही."

हे हिस्केलाही ठाऊक होतं. सगळं गाव तेच करायचं. एक बाबा सोडून.

"मी योरित," तो म्हणाला. "तळ्यापलीकडे राहतो. छपरं शाकारतो. शनिवारी येऊ का? बघायला... रुळल्या का ते."

"कोंबड्या बघायला?"

"मग आणखी काय बघायला?" त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं, की हिस्केला दुसरीकडे बघावं लागलं.

*

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, तिनं दोघी पाहुण्यांना कोटाखालून खुराड्यात नेलं. जुन्या कोंबड्या झोपेत कुरकुरल्या, सरकल्या, जागा करून दिली. महापौरांनी एक डोळा उघडला आणि मिटला. फ्रौके, बाबांची लाडकी, जी त्यांच्या खिशातून दाणे खायची, ती तर नव्या पोरीला चक्क टेकून झोपली. सकाळी खरंच टोचाटोची नव्हती, काही नव्हतं. हिस्केला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की ती शिट्टी वाजवत कामावर गेली.

शनिवारी योरित आला तो पुलावरून नाही.

परसाच्या मागे कालवा आहे. पूल पार गावाच्या टोकाला. पण पलीकडच्या कुरणाच्या फाटकाला उडीची लांब काठी नेहमी टेकवलेली असते. वसंतात टिटवीची घरटी बघत हिंडणारे त्या काठीनं अलीकडे-पलीकडे करतात. हिस्के कपडे वाळत घालत होती. तिनं बघितलं, एक जण काठी घेऊन पळत येतोय... काठी पाण्यात रोवली... तो वर चढला... आणि काठी मधोमध सरळ उभी राहिली. ना इकडे, ना तिकडे.

"नमस्कार!" काठीच्या टोकावरून योरित म्हणाला.

"नमस्कार," हिस्के म्हणाली. "आता?"

"आता... थोडा विचार करतोय."

मग काठी हळूहळू, फार अदबीनं, कलली.

स्वयंपाकघरात बाबांची आखूड विजार घालून तो बसला तेव्हा त्याचे दात वाजत होते. "लोकांची छपरं शाकारता," कॉफी ओतत हिस्के म्हणाली, "आणि स्वतः मात्र गळ्यापर्यंत ओले!"

"'शाकारतोस' म्हण. बाबांची विजार घातलेल्या माणसाला कोण अहोजाहो करतं?"

तिनं बिस्किटांचा डबा उघडला, त्यानं एक घेतलं. आणि हिस्केनं — आईनं लहानपणापासून बजावलेलं असूनही, की पाहुण्याला एका कपाला एकच बिस्किट आणि मग झाकण घट्ट, उघडा डबा फक्त घरच्यांपुढे — झाकण लावलं नाही. डबा तसाच उघडा राहिला, दोघांच्या मध्ये. योरितनं डब्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. फ्रीसलंडात वाढलेल्या माणसाला उघड्या डब्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

त्यानं दुसऱ्या बिस्किटाकडे हात नेला आणि...

बारीक शिंक आली.

"सर्दी झाली बघ तुला."

योरितचा हात डब्यावरच थांबला. "मी नाही शिंकलो, हिस्के."

दोघंही खिडकीकडे वळले. परसातून, खुराड्याच्या बाजूनं, पुन्हा एक शिंक ऐकू आली. मग ओल्या लाकडातून वारा जावा तशी घरघर.

*

आठवडा संपायच्या आत निम्मं खुराडं शिंकत होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस, गालफडं सुजलेली, श्वासाबरोबर शेपट्या वरखाली. फ्रौके चोच उघडी टाकून कोपऱ्यात बसायची, दाण्यांकडे बघायचीही नाही. रोज फोनवर बाबा विचारायचे, "फ्रौके खातेय ना?" आणि हिस्के म्हणायची, "तुम्ही या, मग बघा." खोटं नव्हतं ते. पण गिळायला कठीण होतं.

जनावरांच्या डॉक्टर रेन्स्के पांढरा पायघोळ झगा चढवून खुराड्यात शिरल्या. बोलणं कात्रीसारखं. "नवीन पक्षी आणलेस?"

"हो."

"वेगळे ठेवलेस?"

हिस्केनं दांडीकडे बघितलं.

"अंधारात दांडीवर," डॉक्टर म्हणाल्या. "हो ना? शाबास. अगं, भांडण नको म्हणून लोक दांडीवर बसवतात. रोगाला काय, अंधार असला काय नि उजेड असला काय!" त्यांनी एकेकीच्या घशातून कापसाचा बोळा फिरवला. "आणि ह्या दोघी बघ. पाहुण्या. एक शिंक नाही, पिसं लखलखीत. बाहेरच्या ठणठणीत आणि घरच्या आजारी, म्हणजे आणलंय ह्यांनीच. स्वतः कधीतरी आजारी पडून बऱ्या झाल्या असतील, रोग अंगात घेऊन. आता आधी हा पक्ष्यांचा मोठा फ्लू नाही ना, ते कळू दे. तोवर इथून एक पीसही बाहेर जायचं नाही."

"आणि फ्लू असला तर?"

"मग एकही ठेवता येत नाही." डॉक्टरांनी हातमोजे उलटे करून काढले.

हिस्केनं योरितला फोन लावला. "तुमच्या कोंबड्यांनी आमचं खुराडं आजारी पाडलं," ती म्हणाली. त्या रागात ती पुन्हा 'तुम्ही'वर आली होती.

"माझ्याकडे एकही शिंकत नाहीये, हिस्के. हवं तर येऊन बघ. तुमच्या खुराड्यात ओल असेल... वारा लागत असेल..."

"बाबांच्या खुराड्यात? ओल?"

तिनं फोन कापला. मग बराच वेळ तो हातातच धरून बसली. वाजला नाही.

फ्लू नव्हता. तो निरोप आला तेव्हा हिस्के खुराड्याच्या उंबऱ्यावर बसून पोटभर रडली आणि मग नाक पुसून कामाला लागली. दुसराच रोग होता, हळू चालणारा, चिवट. डॉक्टरांनी पाण्यातून द्यायचं औषध दिलं. हिस्के कामावर जाण्याआधी आणि आल्यावर प्रत्येकीचे डोळे कोमट पाण्यानं पुसायची, फ्रौकेला मांडीवर घेऊन भिजवलेला ब्रेड भरवायची. फ्रौकेनं एक दिवस तिच्या बोटाला चोच मारली. एवढ्या प्रेमानं तिला आजवर कोणी चावलं नव्हतं.

पण महापौर म्हातारे होते. एका सकाळी त्यांनी भाषण दिलं नाही.

*

योरित दिसला तो कालव्यापलीकडे. पाऊस भुरभुरत होता, आणि तो हातात टोपी घेऊन उभा होता. काठी अजून हिस्केच्याच काठावर पडलेली होती, त्या बुडीपासून.

"पुलावरून का नाही आलास?" 'आलास' तिच्या तोंडून आपसूक गेलं.

"बुटांना माझ्या खुराड्याची माती आहे!" तो वाऱ्यात ओरडला. "तुझ्या दारात आणखी काही आणायचं नाही मला! हिस्के, मी माझ्या सगळ्या तपासून घेतल्या. डॉक्टर रेन्स्केंना मीच बोलावलं. तोच रोग निघाला. सगळ्यांच्या अंगात. एकही शिंकत नाही, आणि सगळ्यांच्या अंगात."

हिस्के काठाशी आली. प्रदर्शनातली बक्षिसं, वसंतात त्याच्याकडून पिल्लं न्यायची वाट बघणारी माणसं, त्याचं सगळं नाव ह्या कोंबड्यांवर उभं होतं. त्यानं तपासलंच नसतं तर कोणाला कळलं असतं?

"मग आता?"

"आता प्रदर्शन बंद. कोणाला कोंबडी देणं बंद. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून नेल्या, त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. शिव्या खाल्ल्या भरपूर. एकीच्या आधीच खाल्ल्या होत्या म्हणून सवय होती."

हिस्केनं ओठ चावले. हसायचं नाही. अजून नाही.

"आणि ते ओल, वारा... मी जे बोललो..."

"ऐकू येत नाही!"

"मी चुकलो म्हटलं!"

"अजून मोठ्यानं!"

"मी गाढव आहे!"

कुरणातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

"हं. आता ऐकू आलं," हिस्के म्हणाली. मग तीही ओरडली, "अर्धी चूक माझी आहे! बाबांचा नियम मला ठाऊक होता. तू सांगितलंस ते मला ऐकायचंच होतं, म्हणून ऐकलं!"

"का ऐकायचं होतं?"

"गवताची काडी होती तुझ्या केसात!"

"काय?"

"काही नाही! शनिवारी ये!"

तेव्हापासून तो शनिवारी यायचा आणि पलीकडेच उभा राहायचा. ती अलीकडे दुधाची बादली पालथी घालून बसायची, हातात कॉफी. तो थर्मासमधून आपली घ्यायचा. मध्ये काळं, थंड पाणी. त्या वर्षी कालव्यावर बर्फ धरलंच नाही, नाहीतर मधोमध भेटून गोष्ट लवकर संपली असती. फ्रौके दाणे टिपायला लागली, हे तिनं सगळ्यात आधी त्याला सांगितलं. पाद्रीनं शेजाऱ्याच्या बुटाची नाडी पळवली, हे त्यानं तिला. त्याच्या गालावरचा पाऊस पुसायला तिचा हात इतका दूर होता, की कधी कधी हिस्केला कालव्याचा राग यायचा.

*

फेब्रुवारीच्या शेवटी बाबा घरी आले. चाकांची आधारगाडी ढकलत ते आधी घरात शिरले नाहीत, परसात गेले. हिस्केनं सगळं सांगून टाकलं, दांडी, अंधार, महापौर. बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी खुराड्याच्या दाराला कान लावला. आत सगळं शांत होतं.

"माझ्या वडिलांचा एक नियम होता," ते म्हणाले. "एक शिंकली की सगळ्या पातेल्यात. स्वच्छ करायचं आणि नव्यानं सुरुवात."

हिस्के दारासमोर उभी राहिली. पाठ दाराला टेकवून.

"नाही, बाबा."

"हिस्के..."

"नव्यानं सुरुवात कुठून करायची? ही वेल दुसरीकडे आहेच कुठे? ह्यांना मी एकेकीला हातानं भरवलंय. माझ्या हातून झालं ना, मग निस्तरूही मला दे."

त्या दिवशी डॉक्टर रेन्स्केही तपासणीला आल्या होत्या. बाबा त्यांच्याकडे वळले. "तुम्हीच सांगा हिला. बऱ्या झाल्या, मान्य. पण रोग अंगात राहणार. म्हणजे इथून कोणाला अंडं द्यायचं नाही, पिल्लू द्यायचं नाही. आणि बाहेरून निरोगी कोंबडा आणला, तर तो पडणार आजारी. महापौर तर गेला. कोंबडा नाही, तर पिल्लू नाही. म्हणजे ही शेवटचीच पिढी ना?"

"निरोगी आणला तर आजारी पडेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण ज्याच्या अंगात हाच रोग आधीपासून आहे, त्याला काय होणार? कोणाकडे असंच देणंघेणं बंद असलेलं खुराडं असेल, हीच जात, हाच रोग, तर दोन्ही एकत्र करता येतील. आधी दोन्हींची पुन्हा नीट तपासणी, लपलेलं दुसरं काही नाही ना, ते बघायला. पण सगळ्या फ्रीसलंडात असं खुराडं..." त्या थांबल्या आणि हिस्केकडे बघायला लागल्या. "असं एकच मला ठाऊक आहे."

बाबांनी डॉक्टरांकडे बघितलं. मग लेकीच्या लाल झालेल्या कानांकडे. मग कालव्यापलीकडे, जिथे एक माणूस थर्मास घेऊन उभा होता.

"तो कोण?"

"योरित. त्याच्याकडे एक कोंबडा आहे," हिस्के म्हणाली. "पाद्री नावाचा."

"हं." बाबांनी आधारगाडीवर बोटं वाजवली. "महापौर तर गेला. निदान पाद्री तरी येऊ दे घरात. पुढेमागे लागेलच."

"बाबा!"

पण तोवर हिस्केनं काठी उचललीही होती. पुलावरून वळसा घालण्याइतका धीर तिला कधीच नव्हता. ती पळाली, काठी पाण्यात रोवली, आणि लहानपणी शिकली होती तशी, माकडासारखी, भराभर वर चढली. काठी मधोमध आली. उभी राहिली...

"विचार करू नकोस!" योरित ओरडला.

ती पुढे झुकली. वारा कानाशी शिट्टी वाजवून गेला आणि हिस्के पलीकडे उतरली ती थेट त्याच्या छातीवर. थर्मास एकीकडे, टोपी दुसरीकडे. दोघंही ओल्या गवतात. वर कुठेतरी वर्षातली पहिली टिटवी ओरडत होती.

"कोरडी उतरले," ती धापा टाकत म्हणाली. "बघितलंस?"

"बघितलं. हाड मोडलं बहुतेक माझं."

"ऐक. तुझं खुराडं कुठे जाऊ शकत नाही. माझंही नाही. तुझ्याकडे कोणी येऊ शकत नाही, माझ्याकडेही नाही. फक्त..."

"फक्त?"

"ती दोन्ही एकमेकांत जाऊ शकतात. डॉक्टर म्हणतात."

योरित कोपरावर टेकून उठला. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब थांबला होता. इतके शनिवार दूर राहिलेला हात हिस्केनं पुढे केला आणि तो थेंब पुसला.

"कोंबड्यांबद्दल बोलतेयस ना?" त्यानं विचारलं, अगदी गंभीरपणे.

"मग आणखी कशाबद्दल?" ती म्हणाली, त्याच्याहून गंभीरपणे. आणि मग दोघांनाही हसू आवरेना, आणि हसता हसताच त्यानं तिचं गार पडलेलं कपाळ आपल्या कपाळाला टेकवलं.

"पण एक अट आहे, योरित. ह्या वेळी अंधारात हळूच आणून बसवायचं नाही. सकाळी उठून सगळ्यांना वाटायला नको, की हा कालपासून इथलाच. दिवसाढवळ्या यायचं. पुलावरून. गावाला दिसेल असं."

*

तपासणीत दुसरं काही निघालं नाही, आणि तो तसाच आला. भर दुपारी, रविवारी, चर्च सुटायच्या वेळी. एका काखेत पाद्री, दुसऱ्या हातात साखरेचा गोड ब्रेड, धुऊन घासलेले बूट. पुलावर बायका थांबून बघत होत्या, आणि पाद्रीनं त्यांना तिथल्या तिथे एक छोटंसं प्रवचनही दिलं.

स्वयंपाकघरात हिस्केनं कॉफी ओतली. डबा फिरवला. बाबांनी एक बिस्किट घेतलं, योरितनं एक घेतलं, तिनं एक घेतलं. मग तिनं डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. उघडा. झाकण उचललं आणि फळीवर ठेवून दिलं.

बाबांनी डब्याकडे बघितलं. योरितकडे बघितलं. योरित कानापर्यंत लाल झाला होता.

"घे रे," बाबा म्हणाले, आणि दुसरं बिस्किट त्यांनी आधी स्वतःच उचललं. "आता काय, घरचाच आहेस."